भुलीची बंदूक कशी चालते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि वनखात्यातही नाही. जुन्नर तालुक्यात माझं एअरगन आणि फवारणी पंप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बिबट्या पकडणाऱ्या टीमची गॅसची गन एकदा वॉशर बदलायला आली आणि तेव्हापासून माझं डोकं त्या यंत्रात अडकलं ते अडकलंच. आता गावात बिबट्या निघाला की रात्री अकरा वाजता पण लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. औषधाचं प्रमाण बिमाण विचारू नका, ते डॉक्टरांचं काम आणि मी ते इथे लिहिणारही नाही.

ही नक्की बंदूक आहे का?

दिसायला बंदूक, वागायला नाही. दस्ता आहे, नळी आहे, घोडा आहे, वर दुर्बीण पण लावतात. पण बंदुकीचं सगळं डिझाईन एकाच गोष्टीसाठी असतं की समोरच्याला जास्तीत जास्त जोरात लागलं पाहिजे, आणि हिचं बरोब्बर उलटं आहे. हिला इंजेक्शन पोचवायचंय. जनावरापर्यंत जाईल, सुई कातडीतून मांसात शिरेल एवढा जोर हवा, त्याच्या वर एक टिचकी पण नको. जास्त जोर झाला तर सुईबरोबर अख्खी नळकांडी आत घुसते, हाड मोडतं, किंवा मांडीचा एवढा मोठा सुजलेला गोळा होतो की वाचवायला गेलो आणि लंगडं केलं अशी गत. हे एक डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं.

मग त्यातून गोळी सुटते का बाण?

बाणच म्हणा. छोटा, बोटाएवढ्या जाडीचा, पुढे सुई, मागे लोकरीचा गोंडा. त्याला डार्ट म्हणतात. गॅसवर चालणाऱ्या ज्या गन सर्रास वापरतात त्यांच्या नळ्या ११ मिमी आणि १३ मिमीच्या असतात, आणि पावडरवाल्या, म्हणजे काडतुसावर चालणाऱ्या, अमेरिकन प्रकारात अर्ध्या इंचाची नळी असते. साध्या एअरगनचा छर्रा ४.५ मिमीचा आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तर हा डार्ट औषध भरल्यावर त्याच्या कितीतरी पट जड. म्हणजे छर्रा हा खडा आणि हा पाण्याने भरलेली पिचकारी, जी फेकून मारायचीय आणि मारल्यावर तिने स्वतःहून दाबलंही जायचंय.

स्वतःहून दाबलं जातं म्हणजे कसं? तिथे तर कोणी नसतं दट्ट्या दाबायला.

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

डार्टच्या नळकांडीत दोन कप्पे असतात आणि मधे रबरी दट्ट्या. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात हवा. आधी पुढून औषध भरतात, मग मागच्या बाजूने साध्या सिरिंजने हवा ठासून भरतात, मागे एक छोटा एकेरी व्हॉल्व्ह असतो त्यामुळे ती हवा परत बाहेर येत नाही. म्हणजे दट्ट्याला मागून कायम ढकलणं चालू आहे, पण औषध बाहेर जात नाही, कारण सुईचं टोक बंद असतं. आपल्या नेहमीच्या सुईसारखं टोकाला भोक नाही, भोक बाजूला आहे, आणि त्या भोकावर सिलिकॉनची एक बारीक नळी, मोज्यासारखी, घट्ट चढवलेली असते.

आता डार्ट लागला. सुई आत गेली, तो सिलिकॉनचा मोजा कातडीला अडकून मागे सरकला, बाजूचं भोक उघडं पडलं, आणि मागच्या दाबलेल्या हवेने दट्ट्या पुढे रेटला. औषध मांसात. सगळं एका सेकंदाच्या आसपास. बॅटरी नाही, घड्याळ नाही, काही नाही. पहिल्यांदा हातात घेऊन उघडून बघितला तेव्हा मी दुकानात पाचेक मिनिटं नुसता तो मोजा पुढे मागे करत बसलो होतो (रिकामा आणि धुतलेला होता, भरलेल्याला असं करायला जाल तर डोळ्यात फवारा).

दुसरी एक जात आहे, त्यात हवेच्या जागी दट्ट्यामागे पावडरची चिमूटभर टोपी असते. डार्ट आदळला की आतला छोटा वजनदार तुकडा झटक्याने पुढे जाऊन टोपीवर बसतो आणि औषध एका फटक्यात आत. पटकन होतं हे खरं, पण जोरात मारलेल्या औषधाने आतलं मांस फाटतं अशी त्याबद्दल तक्रार असते. मला विचाराल तर हवेवाला डार्ट जास्त सभ्य आहे.

सुईला काटे असतात का? डार्ट पडून जात नाही का?

दोन्ही प्रकार असतात. साधी गुळगुळीत सुई असते ती लगेच गळून पडते. दुसरीला कडं किंवा छोटा काटा असतो, म्हणजे औषध पूर्ण जाईपर्यंत डार्ट टिकून राहतो. काट्यावाली नंतर डॉक्टर हाताने काढतात.

डार्ट हलकासा भरला, म्हणजे औषध कमी लागलं, तर काय बिघडतं?

उडताना बिघडतं. आत पाणी डचमळतं ना. अर्धा भरलेला तांब्या घेऊन पळून बघा, वजन कधी पुढे कधी मागे. म्हणून औषध कमी असेल तर वर निर्जंतुक पाणी घालून कप्पा पूर्ण भरतात. शिवाय सरावाचे डार्ट पाण्याने भरलेले असतात, तर खऱ्याचं आणि सरावाच्याचं वजन सारखं राहिलं पाहिजे, नाहीतर सरावाचा उपयोग शून्य.

गॅस कोणता? आणि गॅसच का, काडतूस का नाही?

बहुतेक कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीतला तोच. काडतुसावर चालणाऱ्या डार्ट गन आहेत, त्यात गोळी नसलेलं फुसकं काडतूस उडवतात आणि त्याच्या धुराच्या दाबाने डार्ट जातो. लांब पल्ल्याला, माळावरच्या मोठ्या जनावराला त्या चालतात. पण आवाज मोठा आणि दाब कमी जास्त करायची सोय मोजकीच. आपल्याकडे बिबट्या बहुतेक वेळा कुठे असतो? गोठ्यात, घराच्या माळ्यावर, नाल्यात, ऊसाच्या कडेला, म्हणजे दहा वीस मीटरवर. तिथे फाडकन आवाज केला तर एक तर तो उडी मारणार नाहीतर मागे जमलेली दोन हजार माणसं ओरडणार, आणि तिथे तुमचं ऑपरेशन संपलं.

गॅसचा दुसरा फायदा आपल्या घरच्या सिलिंडरसारखा. स्वयंपाकाचा सिलिंडर कसा शेवटपर्यंत सारख्या जोराने जळतो, कारण आत द्रव आहे आणि जेवढा गॅस वापरला तेवढा नवीन उकळून तयार होतो. कार्बन डायऑक्साइडचं तसंच. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब जवळपास तेवढाच.

जवळपास म्हणजे? कुठे तरी गोम आहे ना.

आहे. हा दाब तापमानावर चालतो. २० डिग्रीला साधारण ५७ बार (बार हे दाबाचं माप), १० डिग्रीला ४५ च्या आसपास, शून्याला ३५ वर येतो. आणि ३१ डिग्रीच्या वर गेलात की आत द्रव आणि गॅस असा भेदच राहत नाही, मग दाब सिलिंडर किती भरलाय त्यावर ठरतो आणि उन्हात झपाझप वाढतो. आता आपल्याकडचा विचार करा, डिसेंबरात ओतूरकडे पहाटे दहाच्या खाली पारा आणि मे महिन्यात चाळीस. हीच गन, तोच सिलिंडर, आणि जोरात एवढा फरक. सिलिंडरातून थेट डार्टच्या मागे गॅस सोडला असता तर एकाच अंतरावर हिवाळ्यात डार्ट पायाशी पडला असता आणि उन्हाळ्यात बिबट्याच्या आरपार जायला निघाला असता.

शिवाय लागोपाठ गोळ्या, म्हणजे डार्ट, मारले की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव येतं. उकळायला उष्णता लागते आणि ती तो स्वतःच्याच अंगातून घेतो.

मग यावर उपाय काय केलाय?

मधे एक छोटी टाकी. इथेच ही गन साध्या एअरगनपेक्षा हुशार आहे. सिलिंडरातून गॅस थेट नळीत जातच नाही. आधी एका छोट्या कप्प्यात घेतात, त्याला वर दाबाचं घड्याळ असतं, आपण गेज म्हणतो ते. एक चावी हळूहळू फिरवायची, काटा हवा तिथे आला की बंद. जास्त गेला तर थोडा सोडून द्यायचा. त्या कप्प्यातला दाब सिलिंडरच्या दाबाचा एक छोटा हिस्साच असतो, त्यामुळे बाहेर थंडी असो की ऊन, सिलिंडरात पुरेसा दाब आहे तोवर गेजवर हवा तो आकडा मिळतोच. घोडा दाबला की या कप्प्याचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मोजून घेतलेला तेवढाच गॅस डार्टच्या मागे जातो.

म्हणजे बघा, मारणारा माणूस दर वेळी ठरवतो की आज किती जोर. पंधरा मीटरला एक आकडा, पंचवीसला दुसरा. टीमकडे त्याचा तक्ता असतो, लॅमिनेट करून बॅगेला बांधलेला, आणि तो तक्ता त्या गनचा आणि त्या डार्टच्या वजनाचा असतो. दुसऱ्या गनचा तक्ता वापरला की फसलात.

डार्ट किती वेगाने जातो?

एअरगनच्या छऱ्यापेक्षा खूप हळू. हिशोबासाठी सेकंदाला ६० मीटर धरू आणि डार्ट १० ग्रॅमचा धरू, तर त्यातली ऊर्जा होते १८ जूल. तोच डार्ट १०० मीटर वेगाने मारला तर ५० जूल. वेग दुपटीलाही गेला नाही पण धक्का जवळजवळ तिप्पट. म्हणूनच मघाशी म्हटलं, एक टिचकी पण जास्त नको.

किती लांबून मारता येतो?

लोकांना वाटतं शंभर मीटरवरून. अहो, व्यवहारात वीस तीस मीटर म्हणजे खूप झालं. वर धरलेल्या वेगाने ३० मीटर जायला अर्धा सेकंद लागतो, आणि अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू सव्वा मीटर खाली पडते, डार्ट असो की आंबा. सव्वा मीटर म्हणजे कमरेच्या वर आलं की. वीस मीटरला पण अर्धा मीटरच्या वर पडतो. म्हणजे डार्ट सरळ जातच नाही, तो कमान करून जातो आणि अंतर दोन मीटरने चुकलं तरी मांडीऐवजी पोटात.

मी सरावाला एकदा मारून बघितलाय, पाण्याने भरलेला, भुशाच्या गोणीवर. एअरगनची सवय, त्यामुळे सरळ नेम धरला आणि डार्ट गोणीच्या अलीकडे दोन हातांवर मातीत. बरोबरच्या पोराने हसून विचारलं, दादा गोणीला मारायचं होतं ना.

आणि अर्धा सेकंद बिबट्या जागेवर थांबतो का? तो तर आवाजानेच निम्मा वळलेला असतो. म्हणून उभा किंवा बसलेला, आडवा दिसणारा, मोठा स्नायू समोर असलेला, असाच क्षण लागतो. मांडी, खांदा. छाती, पोट, तोंड नाही. तो क्षण मिळेपर्यंत कधी कधी तीन तीन तास काही होत नाही आणि लोक म्हणतात वनखातं झोपलंय.

नळीला आतून आटे नसतात म्हणे, मग नेम कसा लागतो?

रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात. गॅसवाल्या डार्ट गनच्या नळ्या आतून गुळगुळीत. इथे नेम राखतो तो मागचा गोंडा. बॅडमिंटनचं शटल आठवा, कसंही मारा, बूच पुढे पिसं मागे असंच जाणार. वजन पुढे, हवेला अडणारं मागे. डार्टचं तसंच, आणि गोंडा नळीत नीट बसून मागचा गॅसही अडवतो. भडक गुलाबी, केशरी असतो, त्याचं कारण वेगळं, गवतात सापडला पाहिजे. गोंडा भिजला किंवा चेपला की डार्ट डुलत जातो, म्हणून पावसाळ्यात पोरं तो अक्षरशः शर्टाच्या आत धरून बसतात.

फुंकणीने पण मारतात ना?

हो, आणि जवळ असेल तर तीच बेस्ट. ब्लोपाइप म्हणजे आपली चुलीची फुंकणीच, फक्त लांब आणि सरळ. डार्ट तोच, हलका. पिंजऱ्यातल्या जनावराला, खोलीत कोंडलेल्याला फुंकणीने मारलं की आवाज नाही आणि जखम जवळपास नाही. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी उपचारासाठी जनावराला भूल द्यावी लागते तिथे हेच सोयीचं. छाती मात्र लागते. मी फुंकलं तेव्हा डार्ट नळीतून बाहेर आला आणि पायावर पडला.

हा शोध कोणाचा?

दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले आदिवासी कुरारे नावाचं झाडपाल्याचं विष लावून फुंकणीबाण शतकानुशतकं मारतायत, म्हणजे मूळ कल्पना त्यांची. आजच्या रूपातली भुलीची बंदूक १९५० च्या दशकातली. न्यूझीलंडच्या टिमारू गावचे कॉलिन मर्डोक, औषधविक्रेते आणि जनावरांचे डॉक्टर, रानशेळ्यांवर काम करताना त्यांना वाटलं की पकडायला पळापळ करण्यापेक्षा लांबून औषध मारता आलं तर. वापरून फेकायच्या प्लॅस्टिक सिरिंजचं १९५६ चं पेटंट पण याच माणसाचं. डार्ट ही उडणारी सिरिंजच आहे, त्यामुळे एका डोक्यातून दोन्ही निघाले यात नवल वाटत नाही. अमेरिकेतही साधारण त्याच काळात हरणं पकडायला अशीच गन तयार झाली.

परदेशात गॅसवर खरा बाण मारणारी गन मिळते, ती हीच का?

नाही, ती वेगळी आणि तिचा हेतूही वेगळा. तिला एअरबो म्हणतात. २०१६ मध्ये क्रॉसमन कंपनीने बेंजामिन नावाखाली पायोनिअर एअरबो आणली, तेव्हापासून हा प्रकार गाजला. ती शिकारीची वस्तू आहे.

पण यंत्र म्हणून बघायला मजेशीर आहे हे मान्य करतो. त्यात बाण नळीच्या आत जात नाही, बाण नळीच्या वर चढतो. बाणाची काडी कार्बनची आणि पोकळ, ती एका बारीक नळीवर म्यानासारखी सरकवायची. गॅस नळीतून निघून पोकळ बाणाच्या आतून पुढच्या बंद टोकावर दाबतो. म्हणजे बाणाला मागून ढकलत नाही, पुढून ओढून नेतो. धनुष्यात दोरी मागून रेटते त्यामुळे बाण सुटताना माशासारखा वाकतो, धनुर्धारी लोक त्यासाठी काडीचा कडकपणा मोजत बसतात. इथे ती कटकट नाही, दोरीला पुढून ओढलं तर ती वाकते का? आणि पिसं नळीला घासत पण नाहीत.

गॅस म्हणजे तिथे कार्बन डायऑक्साइड नाही, पंपाने भरलेली साधी हवा, पण ३००० पीएसआय, म्हणजे २०० बारच्या वर. कंपनी सांगते ३७५ ग्रेनचा बाण सेकंदाला ४५० फूट. आपल्या मापात २४ ग्रॅम आणि १३७ मीटर. हिशोब केला तर जवळजवळ २२८ जूल, म्हणजे वरच्या डार्टच्या बारा पट. तीस मीटरला तो बाण जेमतेम एक वीत खाली येतो, आपला डार्ट कंबरभर. दोन्हीत गॅस आहे, दोन्ही टोकदार वस्तू फेकतात, पण एकाला जनावर मारायचंय आणि एकाला जिवंत ठेवायचंय, त्यामुळे प्रत्येक भागात उलटा निर्णय घेतलेला दिसतो. तिथे जास्तीत जास्त दाब, इथे मोजूनमापून. तिथे टोकाला पातं, इथे बंद सुई.

ती भारतात मागवता येईल का?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा येतो, बहुतेक कॉलेजच्या पोरांकडून. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० जूलच्या वर गेली किंवा नळी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीच्या वर गेली की परवान्याचा विषय. आता वरचे २२८ जूल आठवा. आणि शिकारीचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकार बंद आहे, त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण तर आहेतच, जनावराला बेशुद्ध करणारं साधनही आहे. रानडुक्कर पीक खातंय हे मला मान्य आहे, माझ्या पण मक्याची वाट लावलीय, पण त्याचा रस्ता अर्ज आणि परवानगीचा आहे. कस्टममध्ये अडकलेलं पार्सल सोडवून द्या म्हणून माझ्याकडे येऊ नका.

भुलीची बंदूक मग गावाने वर्गणी काढून घेतली तर?

बिबट्या आणि वाघ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांना पकडायचं, भूल द्यायची तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. औषधं नियंत्रित, मिळणार नाहीत. आणि समजा सगळं मिळालं, तरी भूल दिल्यावर श्वास थांबला तर काय करणार? वर्गणी काढायचीच तर गोठ्याला जाळी आणि दार करा.

डार्ट लागला की बिबट्या लगेच पडतो ना? सिनेमात तर पडतो.

सिनेमात पडतो. खऱ्यात औषध स्नायूत जातं, तिथून रक्तात, तिथून मेंदूत, आणि याला पाच ते पंधरा मिनिटं लागतात, कधी जास्त. आपल्याकडे बिबट्याला बहुतेक झायलाझिन आणि केटामाइन एकत्र देतात. जनावर घाबरलेलं, पळवलेलं असेल तर औषध लवकर चढत नाही. म्हणजे डार्ट लागल्यावरची दहा मिनिटं सगळ्यात धोक्याची, बिबट्या पूर्ण शुद्धीत आहे आणि त्याला नुकतंच काहीतरी टोचलंय. नेमकं तेव्हाच पब्लिक टाळ्या वाजवत पुढे सरकतं. कृपा करून मागे राहा.

पडल्यावर पण काम संपत नाही. केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यात मलम आणि वर कापड. अंगाचं तापमान बघत राहतात, उन्हाळ्यात वाढलं तर पाणी ओततात. काम झालं की झायलाझिनचा उतारा देतात, योहिंबिन वगैरे. लोक फोटोसाठी शेपटी उचलायला जातात, तो माणूस मला कधी भेटला तर…

विहिरीत बिबट्या पडला तर वरून डार्ट मारून का काढत नाहीत? तो तर हलू पण शकत नाही.

कारण बुडेल. पाण्यात पोहणाऱ्याला भूल दिली तर पाच मिनिटांत हातपाय ढिले आणि तो खाली. जुन्नर, आंबेगावकडे कठडा नसलेल्या विहिरी ढीगभर, त्यामुळे हे नेहमीचं आहे. तिथे आधी दोरीला बांधून खाट सोडतात, दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा सोडतात आणि बहुतेक वेळा तो स्वतःच आत जातो. बंदूक बॅगेतच राहते. खाटेवर बसून वर बघणारा ओला बिबट्या एकदा बघा, भीती वाटायच्या ऐवजी मांजरच आठवतं.

सगळ्यांनाच भूल देऊन लांब जंगलात का सोडत नाहीत?

करून झालंय. याच जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा कार्यक्रम जोरात होता. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा अभ्यास केला, तर आधी वर्षाला माणसांवर सरासरी ४ हल्ले व्हायचे ते १७ वर गेले होते. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं. गन कितीही चांगली असली तरी हा तिचा प्रश्नच नाही.

गन बिघडते कशाने?

वॉशरने. नव्वद टक्के तेच, हा माझा अंदाज, पण दुकानाचा अंदाज. आणि इथे माझीच चूक सांगतो. पहिल्यांदा गन आली तेव्हा कप्प्याच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी वॉशर, झिजलेली होती, मी मापात बसणारी फवारणी पंपाची काळी ओ-रिंग टाकली, गॅस भरला, गेज जागेवर, सगळं छान, पैसे पण घेतले. दोन दिवसांनी परत. गेजचा काटा आपोआप खाली सरकत होता. उघडून बघतो तर ओ-रिंग भिजवलेल्या वाटाण्यासारखी फुगलेली, खाचेत मावत नव्हती. कार्बन डायऑक्साइड काही रबरांत मुरतो आणि दाब सोडला की आतून फुगवतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नशीब ते सरावात कळलं. विचार करा, गेज बघून पंचवीस मीटरचा दाब भरलाय, बिबट्या वळायची वाट बघत दहा मिनिटं बसलाय, आणि तोवर दाब गुपचूप निम्मा. आता पॉलियुरेथेनची मागवून ठेवतो आणि भरल्यावर पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसतो, चहा पीत. हलला तर परत उघडायची.

युट्यूब बघून पीव्हीसी पाइपची गॅस गन घरी करतोय, जरा मार्गदर्शन करा.

नाही करणार. पीव्हीसी पाणी वाहायला आहे. दाबलेला गॅस पाण्यासारखा नसतो, पाइप फुटला तर पाणी सांडतं, गॅस मात्र पाइपाचे तुकडे करून तुमच्या तोंडावर मारतो. फवारणी पंपाची टाकी फुटून एकाच्या कपाळाला सात टाके पडलेले मी बघितलेत आणि तो किती दाब होता, चार बार.

शेतात रंगीत गोंड्याचा डार्ट सापडला तर?

हात लावू नका. चुकलेला डार्ट म्हणजे बहुतेक वेळा भरलेला डार्ट, औषध पुढे, हवा मागे, आणि मधे तो सिलिकॉनचा मोजा तेवढा. बुटाने दाबला, खिशात टाकला, पोराने खेळायला घेतला, कशानेही मोजा सरकू शकतो. जागेवर काठी रोवून वर फडकं बांधा, कुत्री पोरं लांब ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. टोचलाच कोणाला, किंवा डोळ्यात औषध उडालं, तर पाण्याने धुवत धुवत थेट दवाखाना, आणि तिथे डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की जनावराच्या भुलीचा डार्ट आहे. ऊस तोडायला टोळी येणार असेल तर मुकादमाला आधी सांगून ठेवा, कारण पाचटात तो गोंडा काही दिसत नाही.